मागच्या दाराने कामावर

देश बदलणं जावईबापूंना वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही. नोकरी तीच राहिली, साहेब तोच राहिला, बायको तर होतीच; बदलला तो फक्त देश, आणि तोही बायकोच्या माहेरचा. दोन बॅगा, एक लॅपटॉप आणि 'आपल्याला काय, कुठूनही काम करता येतं' हा आत्मविश्वास एवढ्या सामानानिशी ते सासरी दाखल झाले. भाषेची अडचण नव्हती. इतकी वर्षं बायकोशी तिच्याच भाषेत भांडून ती त्यांना चांगली येऊ लागली होती, फक्त गोड बोलायचे शब्द जरा कमी पडत. अडचण सुरू झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

बायको डबा घेऊन तिच्या नव्या शाळेत शिकवायला निघून गेली होती. जावईबापू पायजम्यात चहा पीत होते. समोर सासरे बसले होते. दाढी केलेली, भांग पाडलेला, पायात पॉलिश केलेले बूट.

"जावईबापू, आज कामावर जायचं नाही का तुम्हाला?"

"जायचंय ना, बाबा. दुपारी. आमचं तिकडचं ऑफिस उघडतं तेव्हा इथे दुपार होते."

"बरं. आणि जाणार कुठे?"

जावईबापूंनी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे इस्त्रीचं टेबल होतं, शिलाई मशीन होतं, पुढचं चाक नसलेली एक सायकल होती, आणि जाड पांघरुणांनी ठासून भरलेलं एक लोखंडी कपाट होतं. सासऱ्यांनी त्या दिशेला बराच वेळ पाहिलं. आपलं बोट चुकीच्या जागी तर गेलं नाही ना, अशी शंका जावईबापूंनाही आली.

आता सासऱ्यांविषयी थोडं सांगितलं पाहिजे. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात ते फोरमन होते. जन्मभर सकाळी घरातून बाहेर पडले आणि संध्याकाळी घरात शिरले, आणि या दोन गोष्टींच्या मध्ये जे घडतं त्याला काम म्हणतात, अशी त्यांची साधी व्याख्या होती. निवृत्त झाल्यावरही ते रोज दाढी करून, बूट घालून बाहेरच्या खोलीत येऊन बसत. पुढे काय करायचं ते सुचलं नाही की हळूच बूट काढून ठेवत. सासूबाई ते बघून न बघितल्यासारखं करीत.

"पण तुम्ही करता काय नेमकं?" सासऱ्यांनी विचारलं.

"लिफ्टचं काम आहे, बाबा. एखादी लिफ्ट अडकली की मला कळवतात."

"लिफ्ट कुठे असते?"

"तिकडे. आमच्या देशात."

"आणि तुम्ही?"

"मी इथे."

"मग ती दुरुस्त कोण करतं?"

"मेकॅनिक. तोही तिकडेच असतो."

"लिफ्ट तिकडे, मेकॅनिक तिकडे," सासरे सावकाश म्हणाले, "मग तुमचं अडतं कुठे?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न जावईबापूंना स्वतःलाही अधूनमधून पडत असे, पण पगार वेळेवर होत असल्यामुळे त्यांनी त्याचा पाठपुरावा केला नव्हता.

सासरे भले गृहस्थ. जावयाला बेकार म्हणणं त्यांच्या जिभेवर येणार नव्हतं. गल्लीत कुणी विचारलं तर ते सांगत, "सध्या जरा घरीच असतात. विश्रांती." हे 'विश्रांती' ते इतक्या हळू आवाजात म्हणत की ऐकणाऱ्याला काहीतरी दुर्धर आजार असावा असं वाटे. सकाळी रिकामे दिसतात म्हणून सासूबाई जावईबापूंना भाजीला पाठवीत, आणि भाजीवाली, जिला सगळं कळलं होतं, ती दोन टोमॅटो फुकट घालून म्हणे, "होईल हो सगळं ठीक." एवढ्याने भागलं नाही. शेजारच्या घरात एक निवृत्त विमा एजंट राहत. गल्ली त्यांना विमावाले म्हणे. ते रोज सकाळी जावईबापूंसाठी एक नोकरी घेऊन येऊ लागले. एकदा रंगाच्या दुकानात रंग ढवळायची आणली, एकदा थिएटरात तिकिटं फाडायची.

"लाजू नका," विमावाले म्हणाले, "काम कुठलंही छोटं नसतं."

"अहो, पण मी नोकरीला आहे!"

"हो, हो," विमावाले सासऱ्यांकडे बघत म्हणाले, आणि दोघांनी मिळून उसासा सोडला.

घरजावई! हा शब्द कुणी उच्चारला नव्हता, पण जावईबापूंना तो भिंतीतून ऐकू येत असे. दुनियेने काहीही म्हणावं, त्यांना एकाच माणसाच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं. सासऱ्यांनी एकदा, फक्त एकदा, चारचौघांत म्हणावं, 'माझा जावई कामाला आहे.' बस्स.

अशा मनःस्थितीत त्यांचं रहिवासाचं कार्ड टपालाने आलं. फोटो बरा होता. नाव बरोबर होतं. व्यवसायाच्या जागी लिहिलं होतं : अवलंबित. कुणावर? पत्नीवर. जावईबापूंचे कान तापले.

"जाऊ दे रे, राहायला मिळाल्याशी कारण," बायको म्हणाली.

"अजिबात जाऊ देणार नाही. एका शब्दाची तर दुरुस्ती. उद्या जातो आणि करून आणतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

सरकारी कचेरीत खिडकीमागे एक बाई होत्या. चेहरा शांत, समोर शिक्के ओळीने मांडलेले. जावईबापूंनी कार्ड पुढे सरकवलं आणि आपण काम करतो असं सांगितलं.

"कुठे करता?"

"घरी."

"कुणाच्या?"

"सासऱ्यांच्या."

रांगेत मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"म्हणजे घरकाम," बाई म्हणाल्या.

"नाही हो, लिफ्टचं काम."

"सासऱ्यांच्या घरात लिफ्ट आहे?"

"नाही. घर बैठं आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. अशा माणसांशी कसं बोलावं याचं त्यांना बहुधा शिक्षण मिळालं असावं. "हे बघा," त्या म्हणाल्या, "माणूस जिथे बसून काम करतो ती कामाची जागा. कामाची जागा म्हटली की तपासणी आली. तपासणी झाली की नोंद, आणि नोंद झाली की कार्ड. करू या तपासणी?"

जावईबापू इतके हरखले की 'करू या' म्हणून बसले. तपासणीत काय काय बघतात हे त्यांना घरी येऊन सूचनापत्रक वाचल्यावर कळलं. कामाच्या जागेला स्वतंत्र दार हवं. कामगाराने कुणाच्या स्वयंपाकघरातून ये-जा करता कामा नये. आग विझवायचं नळकांडं हवं. बाहेर पाटी हवी. आणि जागेवर एक जबाबदार प्रमुख हवा, जो स्वतः कामगार नसेल.

मागच्या खोलीला बाहेर उघडणारं दार होतं, पण ते त्या लोखंडी कपाटामागे होतं आणि सासूबाईंच्या आठवणीत कधी उघडलेलं नव्हतं. कपाट हलवायला विमावाले धावून आले, म्हणजे सल्ला द्यायला धावून आले. "डावीकडून उचला. नाही, तुमच्या डावीकडून नाही, कपाटाच्या." कपाट हललं, दार उघडलं, खोलीत उजेड आला; पण आता कपाट ठेवायचं कुठे? ते बाहेरच्या खोलीत मावेना, स्वयंपाकघरात शिरेना. शेवटी ते जावईबापूंच्या झोपायच्या खोलीत पलंगाला चिकटून उभं राहिलं. तेव्हापासून बायकोला पलंगावर पायथ्याकडून चढावं लागे. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात, पण या कपाटाचा असूनही खोळंबाच होता.

नळकांडं एक पुरलं असतं. विमावाल्यांनी दोन आणायला लावली. "एकालाच आग लागली तर?" त्यांनी विचारलं. जन्मभर ते लोकांना असंच विचारत आले होते आणि लोकांनी विमे उतरवले होते. जावईबापूंनीही मुकाट्याने दुसरं आणलं.

पाटीवर काय लिहावं यावर बाहेरच्या खोलीत मोठी चर्चा झाली. दूरच्या देशातल्या कंपनीचं नाव लिहिलं तर कुणाला कळणार? विमावाल्यांनी तोडगा काढला आणि स्वतःच्या हाताने पाटी रंगवून दिली : 'लिफ्ट कार्यालय'. अक्षर वळणदार होतं. जावईबापूंनी चार पावलं मागे जाऊन पाटी बघितली आणि गल्लीत आल्यापासून प्रथमच त्यांची छाती जरा फुगली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मागच्या दारावर काठीची टकटक झाली. समोरच्या इमारतीतल्या आजी होत्या.

"आमची लिफ्ट बंद आहे," त्या म्हणाल्या, आणि सायकलीच्या सीटला धरून खुर्चीत बसल्या.

जावईबापू त्या वेळी फोनवर होते. एका कानाला तिकडचा मेकॅनिक, दुसऱ्या कानाशी आजी. वर्षानुवर्षांची सवय वाईट. लिफ्ट बंद आहे असं ऐकलं की त्यांच्या तोंडून आपोआप निघे, 'तक्रार नोंदवली आहे, माणूस पाठवतो,' आणि बोटं आपोआप चालत. तसंच झालं. आजींनी इमारतीचं नाव सांगितलं, मजला सांगितला, जिन्यातल्या मांजराचाही उल्लेख केला. जावईबापूंनी ते सगळं मांजरासकट नोंदवलं. आजी आशीर्वाद देऊन गेल्या. तिकडे, समुद्रापलीकडच्या त्या देशात, एक मेकॅनिक हत्यारांची पिशवी खांद्याला लावून जगात नसलेली, निदान त्या जगात नसलेली, इमारत शोधायला निघाला.

तो चांगला मेकॅनिक होता. चटकन हार मानणाऱ्यांतला नव्हता. त्याने पोस्टमनला विचारलं, पोलिसांना विचारलं, आणि एका भलत्याच इमारतीत मांजर दिसलं म्हणून तिथली धडधाकट लिफ्ट उघडून बसला.

साहेबांनी लगेच व्हिडिओवर बोलावलं. आणि घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. नेमक्या त्याच वेळी तपासणी अधिकारी मागच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुमचं चाललंय काय?" साहेब पडद्यावरून ओरडले. "मी एवढ्या विश्वासाने तुम्हाला तिकडे जाऊ दिलं! आता मला वाटतं, परत यावं तुम्ही. पुढच्या महिन्यात."

बायको इथल्या शाळेत रुळली होती. तिच्या आईच्या गुडघ्यांसाठी, तिच्या बाबांच्या त्या काढून ठेवलेल्या बुटांसाठी ती इथे आली होती. तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"साहेब, एकदाच चूक झाली..."

"चुकांवर लक्ष ठेवायला तिथे कुणी आहे की नाही?" साहेबांनी विचारलं.

"इथे जबाबदार प्रमुख कोण आहे?" त्याच क्षणी दारातून अधिकाऱ्यांनी विचारलं.

जावईबापू एकदा पडद्याकडे बघत, एकदा दाराकडे. दोन देश एकदम उत्तर मागत होते. इतक्यात स्वयंपाकघराकडचं दार उघडलं.

"मी आहे," सासरे म्हणाले.

अंगात कारखान्यातला निळा कोट होता. तो अजून कपाटात आहे हे सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं. खिशाला पेन, गळ्यात शिट्टी, पायात अर्थातच बूट. त्यांनी अधिकाऱ्यांशी हात मिळवला, नळकांडी दाखवली, दार उघडून-मिटून दाखवलं. मग पडद्यासमोर येऊन साहेबांना म्हणाले, "काळजी नको. यापुढे माझ्या नजरेखाली असेल तो."

साहेबांना भाषा कळली नाही, पण आवाज कळला; ते एकदम मवाळ झाले. "हे कोण?"

"इथले... प्रमुख," जावईबापू पुटपुटले.

"मग आधी सांगायचं ना! माणूस कसा कडक दिसतो. राहा, राहा तिथेच." आणि पडदा मिटला.

जावईबापूंना वाटलं, सुटलो. त्यांना कुठे ठाऊक होतं की ते फक्त आगीतून फुफाट्यात आले होते!

दुसऱ्या दिवशी जेवून ते स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत जाऊ लागले, तर सासरे आडवे उभे. "जावईबापू, इकडून नाही. कामगाराने स्वयंपाकघरातून यायचं नाही, नियम आहे. तुम्ही पुढच्या दाराने बाहेर पडा."

तेव्हापासून रोज दुपारी जावईबापू डबा घेऊन पुढच्या दाराने निघत. कोपऱ्यावरच्या लाँड्रीला वळसा घालत, विमावाल्यांच्या कुंपणाजवळून जात आणि स्वतःच्याच घराच्या मागच्या दाराशी पोचत. तोपर्यंत सासरे स्वयंपाकघरातून आत जाऊन घड्याळ बघत उभे असत. प्रमुखाला तो नियम लागू नव्हता. त्यांनी पत्रक नीट वाचलं होतं.

सर्वांत गोंधळाची गोष्ट वेगळीच होती. पुढच्या दाराच्या आत सासरे त्यांना 'जावईबापू, तुम्ही' म्हणत. मऊ गादी देत, आधी त्यांना वाढायला लावत. मागच्या दाराच्या आत मात्र, "काय रे, आजही उशीर? बस, सुरू कर." लग्न झाल्यापासून या माणसाने त्यांना कधी 'तू' म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खोलीत आणखी कुणी आहे की काय म्हणून जावईबापूंनी मागे वळून पाहिलं. चहाच्या सुट्टीला शिट्टी वाजे. सुट्टी संपली की पुन्हा वाजे. लॅपटॉपसमोर डुलकी लागली तर तिसऱ्यांदा वाजे, आणि तिकडे मेकॅनिक फोनवर विचारी, "साहेब, तुमच्याकडे रेफरी आहे का?"

एकदा त्यांची दाढ दुखू लागली. त्यांनी सुट्टी मागितली.

"दाढेने काम करतोस का? हाताने करतोस. सुट्टी नाही," प्रमुख म्हणाले.

संध्याकाळी जावईबापू गाल धरून लाँड्रीला वळसा घालून पुढच्या दाराने घरी आले, तर सासरे सासूबाईंना कळवळून सांगत होते, "अगं, जावईबापूंची दाढ दुखतेय. त्यांना मऊ भात कर." मग जावईबापूंकडे वळून म्हणाले, "काय राक्षस असतील हो तुमच्या ऑफिसातले, सुट्टी देत नाहीत म्हणजे काय!"

जावईबापू बघतच राहिले. हे थट्टेने चाललंय की खरोखर, हे त्यांना त्या दिवशीही कळलं नाही आणि पुढेही कधी विचारायचं धाडस झालं नाही.

"तुला त्रास होतोय का रे?" रात्री कपाटाला वळसा घालून पलंगावर चढता चढता बायकोने विचारलं. "बाबांना सांगू का मी?"

"नको," ते म्हणाले. "तू पाहिलंस का, हल्ली ते बूट झोपायच्या वेळीच काढतात."

बायकोने त्यांच्या दुखऱ्या गालावर हळूच हात ठेवला.

आणि मग टपालाने पाकिटं आली. एक नाही, दोन. सासऱ्यांच्या पाकिटात नवंकोरं कार्ड होतं. व्यवसाय : कार्यस्थळ प्रमुख. ते त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं आणि कोटाच्या वरच्या खिशात ठेवलं. जावईबापूंनी आपलं पाकीट फोडलं. व्यवसाय : अवलंबित. कुणावर? पत्नीवर हे खोडून तिथे आलं होतं : सासऱ्यांवर.

जावईबापूंनी तडक कचेरी गाठली.

"चूक नाही ही," खिडकीमागच्या बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही त्यांच्या घरात राहता?"

"हो."

"त्यांचं ऐकता?"

"आता... ऐकावं लागतं."

"ते तुम्हाला पगार देतात?"

"ते कशाला देतील?"

"मग झालं तर. ज्याच्या घरात राहायचं, ज्याचं ऐकायचं आणि जो पगार देत नाही, त्याच्यावर माणूस अवलंबित असतो. नियमच आहे." बाईंना थोडी दया आली असावी. त्यांनी एक कागद पुढे केला. "एक मार्ग आहे. प्रमुखांची नोंद रद्द करा. मग ती जागा कामाची राहणार नाही, आणि तुमची कंपनी तिकडची म्हणून तुम्हाला थेट 'नोकरदार' लिहून देता येईल. इथे सही करा, आजच होईल."

म्हणजे सुरुवातीपासून तपासणीची गरजच नव्हती! जावईबापूंनी पेन उचललं. मग म्हणाले, "घरी विचारून येतो," आणि कागद घडी करून खिशात घातला.

वाटभर त्यांनी वाक्य जुळवलं. 'बाबा, आता तुम्ही आराम करा.' हे बरं वाटलं. मग तो निळा कोट डोळ्यांसमोर आला आणि वाक्य मोडलं. त्यांनी पुन्हा जुळवलं, ते पुन्हा मोडलं. घराच्या पायरीशी पोचले तेव्हा आतून विमावाल्यांचा आवाज येत होता.

"थिएटरातली ती तिकिटं फाडायची जागा अजून रिकामी आहे हो. जावयाला विचारू का?"

"कशाला?" सासऱ्यांचा आवाज. "माझा जावई कामाला आहे."

जावईबापू पायरीवरच थांबले.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? माझ्या हाताखाली. जरा मंद आहे, सारखा कुठेतरी बघत बसतो, पण मनापासून करतो. दाढ दुखत असताना बसून होता पोरगा. आमच्या कारखान्यात असता तर मीच वर चढवला असता त्याला."

मग कार्ड बघितल्याचा, कौतुकाचा, टेबलावर थाप मारल्याचा आवाज आला. जावईबापूंनी खिशातला कागद चाचपला, नाक शिंकरलं आणि आत शिरले. विमावाले उठून गेले.

"आलास?" सासरे म्हणाले. पुढच्या दाराच्या आत, घरात, मऊ गादीशेजारी. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. "बस. दमलेला दिसतोस. कार्डात काहीतरी चूक होती म्हणे तुझ्या? दुरुस्त करून आणलीस?"

जावईबापूंनी कार्डावर पुन्हा एकदा नजर टाकली.

"चूक नव्हती, बाबा," ते म्हणाले. "बरोबरच लिहिलंय. मीच नीट वाचलं नव्हतं."

"मग ठीक." सासऱ्यांनी घड्याळ बघितलं आणि उठून कोटाची बटणं लावली. "बारा वाजत आले. जा, फिरून ये लवकर, मी आत जाऊन उघडतो."

जावईबापूंनी टेबलावरचा डबा उचलला आणि लाँड्रीच्या दिशेने भराभर चालू लागले.